घरचा चारा फुकट नसतो: सोलापूरच्या रानात दहा बोकड तयार करण्याचा हिशेब

"चारा तर घरचाच आहे, खर्च येतोच किती?" बोकड पाळायला निघालेला प्रत्येक जण हे वाक्य एकदा तरी म्हणतो. मीही म्हणालो होतो. पहिल्या वर्षी दहा बोकड विकले, खिसा गरम झाला, आणि पारावर मी मोठ्या ऐटीत नफ्याचा आकडा सांगून आलो. घरी थोरली बहीण माहेरपणाला आलेली. तिने भाकरी थापता थापता विचारलं, "त्या भुसकटाचे बाजारात किती आले असते रे? आणि सहा महिने तू त्यांच्यामागं फिरलास, त्याचा रोज कुणी धरायचा?" रात्री वही काढून बसलो. सकाळी पारावर गेलो नाही.

हा लेख तिथून सुरू होतो. ज्याच्याकडे दोन-चार एकर रान आहे, तूर-हरभरा-ज्वारीचं काड निघतं, थोडं पाणी आहे आणि पहिल्यांदाच मांसासाठी जनावर तयार करायचा विचार आहे, त्याच्यासाठी. शेळ्या पाळून करडं काढण्याचा धंदा वेगळा. इथे आपण वाढतं नर करडू विकत आणतो, सहा महिने घरच्या चाऱ्यावर भरवतो आणि विकतो, एवढंच.

जनावर कोणतं

परदेशातले व्हिडिओ बघून काही पोरं विचारतात की खोंड असे भरवता येतील का. आपल्याकडे तो रस्ता बंद आहे. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम १९७६ चा. गाईच्या कत्तलीला तेव्हापासूनच बंदी होती, २०१५ च्या दुरुस्तीने वळू आणि बैलही त्यात आले. म्हैसवर्ग त्या बंदीत नाही, पण कत्तलीआधी सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. पंढरपुरी म्हशीचं रेडकू भरवता येईल, नाही असं नाही. पण ते तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं, तेवढे दिवस पैसा अडकून पडतो, आणि नवख्याची एखादी चूक एकाच जनावरात सगळं भांडवल घेऊन बुडते. दहा बोकडांत चूक झाली तर एखादा जातो, नऊ राहतात. म्हणून सुरुवात बोकडाने करा.

जात उस्मानाबादी. आपल्या आणि शेजारच्या धाराशिव-लातूरच्या हवेत मुरलेली, काळ्या रंगाची, उन्हाला दाद न देणारी. पूर्ण वाढलेला नर साधारण चौतीस किलोपर्यंत जातो, चांगल्या खाण्यावर थोडा वरही. बाहेरच्या उंचपुऱ्या जाती फोटोत छान दिसतात. पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नका. जातिवंत करडू कसं दिसतं हे डोळ्याखालून घालायचं असेल तर सांगोला तालुक्यातल्या महूदला मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, एकदा चक्कर मारून या.

पहिली पायरी: बोकड नाही, चारा मोजा

शेळीवर्गातलं वाढतं जनावर रोज आपल्या वजनाच्या चार टक्क्यांच्या आसपास खातं. हे चार टक्के वाळल्या हिशेबाने, म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा करून. हिरव्या चाऱ्यात पाच भागांतले चार भाग पाणीच असतं, त्यामुळे "टोपलंभर हिरवं खाल्लं" याला फारसा अर्थ नाही.

चौदा किलोचा बोकड आणून अठ्ठावीसला विकायचा, तर मधलं सरासरी वजन एकवीस किलो. त्याचे चार टक्के म्हणजे ८४० ग्रॅम. ते मी असं भागवतो: वाळलं भुसकट ३३० ग्रॅम, हिरवं १ किलो ८०० ग्रॅम, भरडा (दाणा, पेंड आणि कोंड्याचा भरडलेला खुराक) २०० ग्रॅम. दहा बोकडांना सहा महिन्यांसाठी भुसकट सहा क्विंटल लागतं, सांडलवंड धरून सात. हिरवा चारा रोज अठरा किलो. भरडा साडेतीन क्विंटलच्या वर. एवढं आपल्या रानात निघतं का, ते एक पाटी वजन करून आणि पाट्या मोजून बघा. अंदाजपंचे नको. मी दोनदा अंदाज केला आणि दोन्ही वेळा मार्चमध्ये दुसऱ्याच्या खळ्यावर भुसकट मागायला उभा राहिलो.

हिरव्यासाठी पाणी असेल तर आठ-दहा गुंठे पुरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मेथीघास टाकला की पहिली कापणी पन्नास-साठ दिवसांनी आणि पुढे दर पंचवीस-तीस दिवसांनी मिळत राहते. बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ लावा. त्यांना रान अडत नाही. सुबाभूळ मात्र हिरव्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नका, त्यातल्या विषारी घटकाने केस गळतात, जनावर खंगतं. बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात पोरांकडून गोळा करून घ्या. बोकड त्या चण्यासारखे कुडूम कुडूम खातात.

आता एक गोष्ट, जी मला कळायला दोन वर्षं लागली. ज्वारीचा कडबा बोकडाला घालू नका, विका. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेल्या मालदांडी ज्वारीचा कडबा आपल्याकडे दूधवाले आणि बैलवाले हातोहात नेतात, मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्याला तर विचारायलाच नको. बोकड त्यातला पाला ओरबाडतो आणि ताट तुडवून टाकतो. उलट तुरीचं, हरभऱ्याचं भुसकट, ज्याला काही गावांत गुळी म्हणतात, त्यात कडब्यापेक्षा प्रथिनं जास्त, बोकड ते चाटूनपुसून खातो, आणि बाजारात त्याला विचारणारे कमी. बाहेर ज्याला भाव आहे ते बाहेर जाऊ द्यावं, ज्याला नाही ते गव्हाणीत टाकावं. भुईमुगाचा वाळला वेल असेल तर तोही सोनं आहे.

माढा, पंढरपूर, माळशिरसकडच्या बागायती पट्ट्यात गाळप हंगामात उसाचे वाढे स्वस्तात मिळतात. पोट भरायला ठीक. पण वाढ्यांतलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून नुसत्या वाढ्यांवर बोकड ठेवायचे नाहीत आणि घातले तर खनिज मिश्रण चुकवायचं नाही. आणि कोवळी ज्वारी, कापणीनंतर फुटलेले पोंगे, पावसाने ताण दिलेली खुरटी ताटं यांच्या जवळ जनावर फिरकू देऊ नका. किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष, लागली की डॉक्टर येईपर्यंत खेळ संपलेला असतो. वाळून कडबा झाल्यावर ती भीती राहत नाही.

दुसरी पायरी: वहीत दोन पानं

एका पानावर "रान" लिहा, दुसऱ्यावर "गोठा". गोठा रानाकडून चारा विकत घेतो. ज्या भावाने तुम्ही ते भुसकट शेजाऱ्याला दिलं असतं, त्याच भावाने. कागदावरच, पण घेतो. हे खूळ वाटेल. आमच्या घरीही हसले होते.

खालचे भाव रीत दाखवण्यापुरते धरलेत. तुमच्या बाजारचे आकडे घालून हीच बेरीज पुन्हा करा.

उभ्या, म्हणजे जिवंत वजनाला किलोला ३८० रुपये धरू, घेतानाही आणि विकतानाही. चौदा किलोचं करडू ५,३२० ला आलं, अठ्ठावीस किलोचा बोकड १०,६४० ला गेला. मधे सुटले ५,३२०.

खाण्याचा रोजचा खर्च: भुसकट किलोला ६ रुपयांनी २ रुपये, हिरवं अडीच रुपयांनी साडेचार, भरडा ३० रुपयांनी ६, खनिजांच्या चाटण विटेचे ५० पैसे. झाले १३ रुपये. १८० दिवसांचे २,३४०.

औषध आणि लसी २५०, वाहतूक आणि बाजाराची पावती १५०. वीसात एक दगावतो असं धरलं तर त्याचा बोजा उरलेल्या प्रत्येकावर ३४० च्या आसपास बसतो. करडात अडकलेल्या पैशाचं वर्षाला बारा टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज ३२०. या चारांची बेरीज १,०६०.

५,३२० मधून २,३४० आणि १,०६० वजा जाता राहिले १,९२०. आणि अजून माणसाची मजुरी धरलेलीच नाही! कापणी, कुट्टी, झाडलोट, पाणी मिळून दहा बोकडांना रोज दोन तास लागतात. तासाला ५० रुपये धरले तर दिवसाला शंभर, म्हणजे बोकडामागे दहा. सहा महिन्यांचे १,८००.

उरले १२० रुपये. एका बोकडामागे, सहा महिन्यांत. शेडची झीज मी लेंडीखतात वळती करतो, नाहीतर हेही राहत नाहीत.

आता तोच हिशेब पारावरच्या पद्धतीने करा. फक्त भरडा, वीट, औषध आणि वाहतूक मोजा, बाकी सगळं "घरचं". बोकडामागे ३,७५० रुपये नफा दिसतो. दहांचे साडेसदतीस हजार! मधला ३,६३० चा फरक कुठे गेला? १,१७० रुपये तुमच्या रानातल्या चाऱ्याची किंमत, १,८०० तुमची मजुरी, बाकी व्याज आणि मरतुकीची जोखीम. चारा आणि मजुरीचे पैसे घरातच राहतात हे खरं, आणि ज्या घरात म्हातारी माणसं आहेत, ज्यांना दुपारी दुसरं काम नाही, तिथे हे तोट्याचं मुळीच नाही. पण तो चारा विकल्याचा आणि राबल्याचा पैसा आहे. त्याला नफा समजून पुढच्या वर्षी कर्ज काढून पन्नास बोकड आणलेले लोक मी बघितलेत.

मग नफा येतो कुठून? तीन जागा आहेत. एक म्हणजे संख्या: पंचवीस बोकडांना वेळ तीन तासच लागतो, मजुरी बोकडामागे १,०८० वर येते आणि १२० चे ८४० होतात. दुसरी घेण्याची किंमत, तिसरी विकण्याची तारीख. या दोन्हींकडे पुढे येतोच.

आणि एक सापळा: भरडा वाचवायचा. "पेंडीला कशाला पैसे घालायचे, घरच्या पाल्यावरच वाढतील की." वाढतात. पण रोज ७८ ग्रॅमच्या जागी पन्नास ग्रॅमने. तेच चौदा किलो चढायला १८० ऐवजी २८० दिवस लागतात. खाण्याचा खर्च रोज १३ वरून साधारण ९ वर येतो, पण २८० दिवसांचे २,५२० होतात, म्हणजे एकूण जास्तच. मजुरी २,८००. बेरीज करून बघा, बोकडामागे हजाराच्या वर खिशातून जातात. याचं कारण असं की जनावर रोज आधी स्वतःला जगवायला खातं, आणि त्याच्या वर जे जाईल त्याचंच मांस होतं. तेवढ्यापुरतंच घातलं तर तुम्ही नुसता बोकड सांभाळत बसता.

तिसरी पायरी: बाजारात करडू घेताना

सांगोल्याचा रविवारचा बाजार मोठा. सकाळी लवकर जा आणि पहिल्या खेपेला नुसतं फिरून या. तिथे वजनाचा व्यवहार फार कमी, सगळं नगावर. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, करडाचं पोट थोपटत म्हणतो, "मालक, डोळे झाकून न्या, दिवाळीची पणती हाय." डोळे झाकू नका. पोट तर आदल्या रात्री मीठ चारून पाणी पाजल्यानेही तट्ट फुगतं.

हात कमरेवर ठेवा, शेवटच्या बरगडीच्या मागे. अंगठा कण्याच्या एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. मणके करवतीच्या दातांसारखे टोचले तर करडू उपाशी आहे किंवा आजारी. या दोन्हींतला फरक ओळखणं हीच सगळी विद्या. उपाशी करडाचे डोळे पाणीदार असतात, ते पाय मारतं, बें बें करून गाव डोक्यावर घेतं. असं करडू घ्या. चरणीवर मागे पडलेलं, पण हाडापेराने मोठं. चांगलं खाणं लागलं की ते झपाट्याने भरतं, आणि मघाशी म्हटलेला घेतानाचा नफा तो हाच. आजाऱ्याची पापणी खाली ओढली तर आतून पांढुरकी दिसते. मागचे केस हगवणीने चिकटलेले, नाकाला शेंबूड, जबड्याखाली सूज असं काहीही दिसलं तर फुकट दिलं तरी नको.

वजनासाठी खिशात शिंप्याचा टेप ठेवा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचात. घेराला घेराने गुणा, मग लांबीने, आणि ६६० ने भागा. किलो निघतात. घेर २६, लांबी २४ असेल तर साडेचोवीसच्या आसपास. हेडी हसतील, हसू द्या. दर किलोचा काढून मगच आकडा बोला.

वयही बघा. बकरी ईदेला विकायचं असेल तर जनावर वर्षाचं पुरं हवं आणि गिऱ्हाईक तोंड उघडून दोन पक्के दात मोजतं. नोव्हेंबरात सहा-सात महिन्यांचं घेतलं तर मे-अखेरीला ते गणित बसतं. कान फाटलेला, शिंग मोडलेलं, लंगडं किंवा डोळ्याला फूल असलेलं करडू स्वस्त मिळतं, पण त्या दिवशी त्याला कुणी विचारत नाही. खच्ची केलेला चालतो. बाजार समितीची पावती जपून ठेवा, वाटेत कुणी अडवलं तर तीच कामाला येते.

चौथी पायरी: पहिले पंधरा दिवस

आणलेली करडं घरच्या शेळ्यांपासून दूर बांधा, निदान पंधरा दिवस. पहिल्या दिवशी नुसतं वाळलं आणि गूळ-मीठ घातलेलं पाणी. भरडा नाही. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून जंताचं औषध वजनाप्रमाणे घ्या आणि पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस टोचून घ्या. ती एकदा दिली की तीन वर्षं पुरते, पण बाजारातल्या करडाला आधी दिली होती का हे कुणी सांगत नाही. आंत्रविषाराची लस दोनदा, पंधरा ते एकवीस दिवसांच्या अंतराने. ही दुसरी लस आपल्या धंद्यात फार महत्त्वाची, कारण भरपूर दाणा खाणाऱ्या, सगळ्यांत गुबगुबीत बोकडालाच आंत्रविषार गाठतो. रात्री ठणठणीत असतो, सकाळी आडवा.

भरडा पाचव्या दिवसापासून पन्नास ग्रॅमने सुरू करून दोन आठवड्यांत २०० वर न्या. घाई केली की पोटात आंबतं, बोकड दात खातो, खाणं सोडतो.

जागेचं फार अवडंबर नको. बोकडाला छपराखाली दहा चौरस फूट, मोकळ्यात वीस. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. एप्रिलमध्ये इथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा छपरावर कडब्याचं किंवा उसाच्या पाचटाचं आच्छादन टाका. गव्हाण छातीच्या उंचीवर असावी, म्हणजे चारा पायाखाली जात नाही. लाखो रुपयांची शेड बांधून दहा बोकड बांधणाऱ्याचा हिशेब वरच्या १२० रुपयांत बसवून बघा.

अनुदानाचं विचारणारे भेटतातच. राष्ट्रीय पशुधन अभियानात पन्नास टक्के अनुदान आहे, पण ते १०० शेळ्या आणि ५ बोकड अशा पैदाशीच्या गटापासून सुरू होतं. आपल्या दहा बोकडांचा त्याच्याशी संबंध नाही.

पाचवी पायरी: भरडा, आणि माझा गेलेला बोकड

शंभर किलो भरड्यासाठी मका ४०, शेंगदाणा पेंड २०, तुरीची चुनी १७, गव्हाचा कोंडा १९, खनिज मिश्रण २, चुनखडीची भुकटी १ आणि मीठ १. मका नसेल तर ज्वारी, डागी निघालेली चालते, बुरशी आलेली नाही. शेंगदाणा पेंडीचा तुकडा फोडून नाकाला लावा. कुबट वास आला तर परत करा.

चुनखडी कशाला, असं मलाही वाटायचं. तिसऱ्या वर्षी ईद तीन आठवड्यांवर होती आणि चार बोकड मागे होते. मी भरडा दुप्पट केला, मका आणि कोंडा वाढवला, चुनखडी संपली होती ती आणायची राहिली. पाण्याची टाकी उन्हात, दुपारी पाणी चटका बसेल इतकं तापायचं आणि बोकड नुसते हुंगून मागे फिरायचे. एका संध्याकाळी त्यातला सगळ्यांत देखणा मागचे पाय ताणून उभा दिसला. शेपूट थरथरत होती. लघवीला जोर करायचा, थेंब यायचा, कण्हायचा. मला वाटलं बद्धकोष्ठ, म्हणून तेल पाजलं. रात्र गेली. सकाळी खाली वाकून बघितलं तर पोटाखालच्या केसांवर बारीक रेतीसारखे कण चिकटलेले, बोटाने चुरडले की किरकिरायचे. मुतखडा. डॉक्टरांनी टोकाकडचा भाग कापून वाट मोकळी करायचा प्रयत्न केला, पण आत मूत्राशय फुटलं होतं. दहा हजारांचा बोकड खड्ड्यात पुरला.

दाणा आणि कोंड्यात फॉस्फरस जास्त असतो. खाण्यात कॅल्शियम त्याच्या दुप्पट नसेल तर नराच्या बारीक मूत्रनळीत खडे साठतात, आणि फार लहानपणी खच्ची केलेल्या बोकडाची नळी आणखीच अरुंद राहते. म्हणून चुनखडी, म्हणून मीठ, कारण मिठाने पाणी जास्त जातं, आणि म्हणून पाणी सावलीतच. आता माझ्याकडे रांजण आहे, ओलं गोणपाट गुंडाळलेला. भरडा अडीचशे ग्रॅमच्या वर मी कुणासाठीही नेत नाही.

सहावी पायरी: दर पंधरा दिवसांनी वजन

लटकता काटा आणि पोत्याची झोळी, एवढंच लागतं. सकाळी पाण्याआधी. वहीत प्रत्येक बोकडापुढे आकडा.

वरच्या हिशेबात बोकडाचा रोजचा खर्च खाणं १३ आणि मजुरी १० मिळून २३ रुपये. ३८० च्या भावाने २३ रुपये फिटायला रोज ६० ग्रॅम वाढ लागते. म्हणजे पंधरा दिवसांत ९०० ग्रॅम. जो बोकड लागोपाठ दोन वजनांना त्याच्या खाली राहिला त्याला आधी जंत आणि दात तपासा, तिसऱ्या वेळेला विका. "अजून थोडा भरू दे" हे वाक्य फार महाग पडतं. तीस किलोच्या आसपास आल्यावर वाढ मंदावते, खाणं वाढतं. दिवसाला २५ रुपये खाऊन चाळीस ग्रॅम म्हणजे पंधरा रुपये परत देणारा बोकड दाराशी शोभेला ठेवल्यासारखा आहे. मेच्या उन्हात तर सगळ्यांचीच भूक मोडते. तेव्हा चारा पहाटे आणि दिवेलागणीनंतर घाला.

चाऱ्याचा भावही याच पानावर ताजा ठेवा. २०१९ च्या उन्हाळ्यात सांगोला-मंगळवेढ्याकडे चारा छावण्या लागल्या होत्या. अशा वर्षी भुसकट सहाचं बारा आणि हिरवं अडीचचं पाच झालं तर रोजचं खाणं साडेएकोणीसवर जातं. तेव्हा ६० ग्रॅमची अट ७७ वर जाते, आणि तेवढं उन्हाळ्यात कुणाचाच बोकड चढत नाही. वर्ष तसं दिसायला लागलं की बोकड लवकर काढा आणि राहिलेला चारा विका.

सातवी पायरी: विकणं

खाटकाचं गणित समजून घ्या, म्हणजे घासाघीस करताना राग येत नाही. अठ्ठावीस किलोच्या बोकडाचं ४८ टक्क्यांनी साडेतेरा किलोच्या आतच मटण पडतं. ८०० रुपयांनी विकलं तर १०,७५० च्या आसपास. त्याची कमाई मुंडी, पाय, वजरी आणि कातड्यात. म्हणून तो ३८० च्या वर जायला तयार होत नाही, आणि त्यात त्याची लबाडी नाही.

वरचे पैसे तारखेत असतात. बकरी ईद २०२४ मध्ये १७ जूनला होती, २०२५ मध्ये ७ जूनला. दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. तेव्हा गिऱ्हाईक किलो बघत नाही, रूप बघतं. त्या वेळी वीस टक्के जरी भाव चढा मिळाला तरी बोकडामागे २,१२८ रुपये जास्त येतात, आणि आपले ते १२० रुपये सव्वादोन हजारांवर जातात. शिवाय आपल्या पिकांचं काड डिसेंबर ते मार्चमध्ये निघतं, म्हणजे नोव्हेंबरात घेऊन मेमध्ये विकणं चाऱ्यालाही सोयीचं. ईद जशी एप्रिलकडे सरकेल तशी खरेदीही ऑक्टोबरकडे न्यावी लागेल.

ईदेच्या आधी दहा-बारा दिवस विका, आदल्या दिवसाची वाट बघू नका. आदल्या दिवशी भाव कधी आभाळाला टेकतो, कधी गाडीभाडंही निघत नाही. शक्यतो दारातूनच द्या. गाडीत आणि बाजारात दिवसभर उभं राहून बोकड किलोभर तरी उतरतो, आणि तो तुमच्या चाऱ्याचा किलो असतो. पैसे रोख किंवा फोनवर, जनावर सोडायच्या आधी. "ईद झाल्यावर देतो मामा" म्हणणारा माझा एक गिऱ्हाईक अजून देतोच आहे.

दहातले दोन-तीन उरतातच. ईदेनंतरचा पंधरवडा बाजार बसलेला असतो, तेव्हा त्यांना पाडून विकू नका. भरडा शंभर ग्रॅमवर आणा, बांधावर सोडा. गावोगावच्या कंदुऱ्या असतात, मग आखाड लागतो. श्रावण सुरू व्हायच्या आत दावण रिकामी झाली पाहिजे, आणि रिकाम्या दावणीत चुना मारून ती दिवाळीपर्यंत तशीच राहू द्यायची.